बावीस माणसं, अकरा तंबू आणि सातपुडा

वाचक विचारतात

मागच्या अंकात राष्ट्रीय उद्यानातल्या सामूहिक मुक्कामाबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं इंदूरचीच आली आणि बहुतेकांच्या डोक्यात नाताळची सुट्टी आणि सातपुडा आहे. म्हणून उत्तरांतली उदाहरणंही मढई-पचमढीकडचीच घेतली आहेत. कान्हा किंवा पेंचला जाणाऱ्यांनी ठिकाणाचं नाव बदलावं, बाकी हिशोब तोच राहतो.

आमचा बावीस जणांचा गट आहे, त्यात सहा मुलं. सातपुडा राष्ट्रीय उद्यानात स्वतःचे तंबू लावून दोन रात्री राहायचं आहे. एक आयोजक म्हणतो, ‘कोअरमध्ये लावून देतो, काळजी नको.’ परवानगी कुठून काढायची? — एक वाचक, राजेंद्रनगर

त्या आयोजकाला आधी लेखी परवाना दाखवायला सांगा, पैशांचं नंतर. कोअर म्हणजे उद्यानाचा राखीव गाभा, त्यात आपल्या मर्जीने तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ आणि २८ प्रमाणे आत शिरायलाच परवाना लागतो, आणि पर्यटनासाठी मिळणारा परवाना ठरलेल्या फाटकातून, ठरलेल्या वेळी, गाइड सोबत घेऊन फिरण्याचा असतो. रात्रीचा मुक्काम फक्त वनखात्याने नेमून दिलेल्या विश्रामगृहात किंवा कॅम्पात. ‘रेंजरसाहेब ओळखीचे आहेत’ हा परवाना नव्हे. पकडले गेलात तर गुन्हा तुमच्या नावावर नोंदला जाईल.

मग गटाने तंबूत राहायचंच असेल तर जागा शोधायची ती बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यात, किंवा हद्दीबाहेर. तीन वाटा आहेत. मध्य प्रदेश इको-टुरिझम बोर्डाचे आणि वनखात्याचे कॅम्प, जिथे बरेचदा त्यांचेच तंबू किंवा कुट्या असतात. बफरमधल्या गावांलगतच्या खासगी जागा, ज्यांना ग्रामपंचायतीची आणि लागेल तिथे वनखात्याची मंजुरी आहे. आणि शिबिरं घेणाऱ्या संस्था, ज्या परवानगीचं काम स्वतः करतात. पचमढीत एक जादा गुंता आहे. गाव लष्करी छावणीचं आणि सभोवती अभयारण्य, त्यामुळे हिरवळीचा तुकडा रिकामा दिसला तरी तो कोणाचा तरी असतोच. जमीन छावणीची, वनखात्याची की खासगी, हे लेखी घ्या आणि त्या कागदाची प्रत गटातल्या दोघांजवळ ठेवा.

जंगलफेरीचं बुकिंग याहून वेगळं असतं आणि ते एमपी ऑनलाइनच्या संकेतस्थळावर होतं. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुम्हाला चार गाड्या लागतील. सहा-सहा-पाच-पाच अशी विभागणी आत्ताच करा आणि प्रत्येक गाडीत निदान दोन मोठी, शांत डोक्याची माणसं ठेवा. नावं आणि ओळखपत्राचे क्रमांक बुकिंगच्या वेळीच द्यावे लागतात आणि तेच मूळ कार्ड फाटकावर दाखवावं लागतं. गटाची सगळ्यात मोठी फजिती इथे होते. ऐन वेळी काकांऐवजी मावसभाऊ येतो आणि फाटकावर अडकून बसतो. मढईला देनवा नदी बोटीने ओलांडून पलीकडे जिप्सीत बसायचं असतं, तेव्हा दिलेल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी काठावर हजर राहा. बुधवारी दुपारची फेरी नसते. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो.

इंदूरहून रस्त्याने पचमढी साधारण पावणेचारशे किलोमीटर पडते. जबलपूरकडच्या रात्रीच्या रेल्वेगाडीने गेलात तर पचमढीसाठी पिपरिया स्टेशनावर अंधारातच उतरावं लागतं. बावीस माणसं, अकरा तंबू आणि शिधा दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात उतरवायचा म्हणजे सामान आदल्या स्टेशनापासून दारापाशी आणून ठेवा. मढईला जाणाऱ्यांना सोहागपूर स्टेशन जवळ.

तंबू विकत घ्यायचे की भाड्याने? ‘तीन माणसांचा’ तंबू तिघांना पुरतो का? मागच्या वर्षी आमचा तंबू पाऊस नसताना आतून ओला झाला होता. — एक वाचक, सुदामानगर

तीन माणसांचा तंबू तिघांना पुरतो तो दुकानात. तिघं खांद्याला खांदा लावून झोपू शकतात, पण पिशव्या बाहेर राहतात. दोघांना तीनचा, चौघांच्या कुटुंबाला सहाचा असा हिशोब धरा. वर्षातून एकदाच जाणार असाल तर भाड्याने घ्या. मात्र निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक तंबू इंदुरातच उघडून बघा, तोही गच्चीवर नाही तर मातीच्या मैदानावर. गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, आणि अर्ध्या अडचणी खुंट्यांच्याच असतात. बघताना दांड्याच्या सांध्याला चीर आहे का, दांड्यातली लवचीक दोरी सैल पडली आहे का, चेन शेवटपर्यंत बसते का, खुंट्या मोजून आहेत का, एवढं पाहा. मग वरच्या आवरणावर बागेच्या नळीने पंधरा मिनिटं पाणी सोडा. गळती बहुधा शिवणीतून निघते आणि शिवणीवर लावायचं सीलर दुकानात मिळतं, पण ते वाळायला रात्र लागते. म्हणून ही परीक्षा आठवडाभर आधी.

आतून ओलं होण्याचं कारण पाऊस नव्हे, तुम्ही स्वतः. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात पाव लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. थंडीत तंबूचं कापड बाहेरच्या हवेइतकं गार पडतं आणि ती वाफ कापडावर थेंब होऊन बसते. एकाच कापडाच्या तंबूत हे थेंब अंगावर पडतात. दुहेरी तंबूत आतलं कापड जाळीदार असतं, वाफ त्यातून पार होऊन बाहेरच्या आवरणावर साचते आणि खाली ओघळते. पण यासाठी दोन्ही कापडांमध्ये हाताचा पंजा जाईल इतकं अंतर हवं. बाहेरचं आवरण ताणून बांधलं नाही आणि ते आतल्याला चिकटलं तर दुहेरी तंबूही एकेरीसारखाच वागतो. थंडी वाजते म्हणून माणसं वरचे झरोके बंद करतात, तिथेच चूक होते. झरोके उघडे ठेवा आणि ऊब अंथरुणातून मिळवा.

लेबलावर ‘१५०० मिमी’ असं काही लिहिलेलं असतं. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ठेवला तरी ते झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. वरच्या आवरणाला १५०० पुरतं. तळाला ३००० हवं, कारण तिथे तुमचं वजन दाबत असतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे मावठा, म्हणजे हिवाळी पाऊस, पडतो, हे विसरून नुसता ‘उन्हाळी’ तंबू घेऊ नका.

तळाखाली ताडपत्री घालाल तर ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान ठेवा. मोठी ताडपत्री दिसायला ऐसपैस वाटते, पण बाहेर आलेल्या कडेवर पावसाचं पाणी पडतं आणि सरळ तंबूखाली जाऊन साचतं. तंबूभोवती चर मात्र खणू नका. वनखात्याच्या जागेत ते चालत नाही, आणि जागा जराशी उंचवट्यावर निवडली तर गरजही पडत नाही.

खुंट्या. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक ॲल्युमिनियमच्या खुंट्या मुरमात वाकतात आणि पचमढीच्या वालुकाश्मावरच्या पातळ, रेताड मातीत धरत नाहीत. लोहाराकडून ८ मिमीच्या सळईचे वीतभर तुकडे, एका टोकाला वळवून करून घ्या. दर तंबूला दोन जास्तीचे धरा. ठोकताना खुंटीचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं हवं आणि दोरी खुंटीशी साधारण काटकोन करणारी. दगड लागून खुंटी जातच नसेल तर कापडी पिशवीत वाळू भरा, दोरी तिच्या गळ्याशी बांधा आणि पिशवी दगडांखाली दाबा. प्रत्येक दोरीला पांढऱ्या कापडाची चिंधी लावा. रात्री दोरीत पाय अडकून पडणं, ही कॅम्पातली सगळ्यात नेहमीची दुखापत आहे, वाघ-बिबट्या त्या यादीत फार खाली येतात.

बावीस जणांचा दोन दिवसांचा शिधा आणि गॅस किती न्यायचा? दाल-बाफले करता येतील का? — स्वयंपाकाची जबाबदारी अंगावर पडलेल्या एक वाचक, लोकमान्यनगर

बाफल्यांचं आधी सांगून टाकू. कणकेचे हे गोळे उकडून भाजायचे तर गोवऱ्यांचा विस्तव हवा, आणि जंगलाच्या कडेला गोवऱ्यांची आग म्हणजे उगाच भांडण ओढवून घेणं. ते परत आल्यावर रविवारी करा.

शुक्रवारचं रात्रीचं जेवण घरून न्यायचं. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत दोन दिवस टिकतात. माणशी चार धरल्या तर नव्वदएक होतील, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि सुकी बटाट्याची भाजी. भाजी मात्र त्याच रात्री संपवा. उरलेल्या दशम्या शनिवारी दुपारी पिठल्याबरोबर जातात. पिठल्याला दीड किलो बेसन पुरेल.

शनिवारी रात्री खिचडी. माणशी ७० ग्रॅम तांदूळ आणि ३५ ग्रॅम मूगडाळ, म्हणजे दीड किलो तांदूळ आणि पाऊण किलोच्या जरा वर डाळ. मुलं सहा असल्याने हे पोटभर होतं. गोंधळ भांड्यात होतो. एवढे डाळ-तांदूळ आणि तिप्पट पाणी मिळून अकरा-बारा लिटर भरतं. बारा लिटरचा कुकर आहे म्हणून त्यात सगळं घातलं तर शिटीच्या नळीत डाळ अडकते, कारण डाळ-तांदळाला कुकर निम्म्याहून वर भरायचा नसतो. दोन खेपा करा, नाही तर वीस लिटरचं जाड बुडाचं झाकणाचं पातेलं न्या. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवली की शिजायचा वेळ बराच वाचतो.

सकाळी पोहे, अर्थातच. माणशी ७५ ग्रॅम म्हणजे एका न्याहारीला एक किलो साडेसहाशे ग्रॅम पोहे, सव्वा किलो कांदे, पाव लिटर तेल, मूठभर बडीशेप, अर्धा किलो सेव आणि जीरावन मसाल्याची लहान डबी. थंडीत एवढे पोहे दोन चुकांनी बिघडतात. सगळे एकदम धुतले की खालचे लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. चाळणीत दोन-तीन वाटे करून धुवा आणि पंधरा मिनिटं निथळू द्या. दुसरं, पाच-सात अंशांच्या गारठ्यात पातेलं उतरवलं की दहा मिनिटांत पोहे चामट होतात. आपल्या पोहेवाल्याची युक्ती वापरा. खालच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा आणि पोह्याचं पातेलं त्याच्या वाफेवर, झाकण घालून. शेवटचा माणूस तासाभराने उठला तरी मऊ पोहे मिळतात. दोन न्याहाऱ्या असल्याने सगळं दुप्पट घ्या.

चहाच्या एका फेरीला सव्वादोन ते अडीच लिटर चहा लागतो. दूध पावडरीचं करा. एक लिटर दुधाला शंभर-सव्वाशे ग्रॅम पावडर. पावडर आधी कोमट पाण्यात कालवून मग उकळत्या चहात ओता, सरळ उकळीत टाकली की गुठळ्या होतात. फेरीमागे पावशेर साखर आणि ५० ग्रॅम चहापत्ती. अशा पाच फेऱ्या तरी होतातच, थंडीत सहाही होतात.

गॅसला ५ किलोचा एक सिलिंडर या सगळ्याला पुरतो, आंघोळीचं पाणी त्यावर तापवलं नाही तर. बर्नर, रेग्युलेटर आणि नळी घरीच जोडून, साबणाचं पाणी लावून गळती तपासा. बुटेनच्या छोट्या डब्यांवर भरवसा ठेवू नका. बुटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, त्यामुळे गारठलेल्या पहाटे डबा भरलेला असूनही ज्योत मिणमिणते. नेलेच तर रात्री पांघरुणाच्या घडीत ठेवा, विस्तवाजवळ धरून तापवू नका.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर पाणी, म्हणजे वीस लिटरचे साडेचार जार. भांडी आणि हात धुवायला आणखी दोन-तीन. कॅम्पाच्या बोअरचं पाणी पिण्याचं आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. नदी-नाल्याचं घ्यावं लागलं तर दुहेरी कापडातून गाळून खळखळ उकळा. क्लोरीनची गोळी गढूळ पाण्यात नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी, गोळी मागून, आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबायचं.

रात्री प्राणी येतील का? तंबूत खाऊ ठेवला तर चालतो ना? मुलांना रात्री भूक लागते. — एक आई, तिलकनगर

खाऊ तंबूत नको. बिस्किटाचा उघडा पुडासुद्धा नको. उंदीर जाळी कुरतडून आत येतात, त्यांच्या मागे साप येऊ शकतो. पचमढीची माकडं दिवसाढवळ्या चेन उघडतात, रानडुक्कर वासाने तंबूचं कापडच फाडतं. सगळं खाणं कडीच्या पत्र्याच्या पेटीत किंवा बंद गाडीत ठेवा. स्वयंपाकाची जागा तंबूंपासून चाळीस-पन्नास पावलं लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवी. खरकटं रात्रभर पडू देऊ नका. मुलांना झोपण्यापूर्वी गूळ-शेंगदाणे खायला घाला, चूळ भरायला लावा आणि विषय मिटवा.

तंबू दोन ओळींत, दारं समोरासमोर. मुलांचे तंबू मधले. दोन तंबूंत दोन-अडीच मीटर अंतर, म्हणजे दोऱ्या एकमेकींत गुंतत नाहीत. पाणवठ्याकडे जाणारी मळलेली वाट, कोरड्या नाल्याचं वाळूचं पात्र आणि फळाफुलांनी लदलेली झाडं टाळा. मार्च-एप्रिलला जाणाऱ्यांनी मोहाच्या झाडाखाली मुळीच तंबू लावू नये. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि ती खायला अस्वल येतं. अस्वलाचं नाक तेज, नजर अधू. एकदम समोर आलेल्या माणसावर ते बिथरून धावून जातं, आणि सातपुड्याच्या गावांत लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त जपतात ते याचमुळे.

रात्री बाहेर जायचं तर दोघांनी, आधी दारातूनच टॉर्च गोल फिरवून, बोलत बोलत. डोळे चमकले तर पळायचं नाही, तोंड तिकडेच ठेवून मागे सरकायचं. कॅम्पच्या चौकीदाराला उठवण्यात कमीपणा नाही, तो त्यासाठीच आहे.

साप चावला तर? गटात डॉक्टर कोणी नाही. — एक वाचक, वैशालीनगर

थंडीत सापांचा वावर कमी असतो, पण उत्तर पूर्ण देतो, कारण ऑक्टोबरात आणि मार्चनंतर जाणारेही आहेत. उघड्यावर किंवा जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला धोका मण्यारीचा. ती रात्री फिरते, तिचा दंश बरेचदा दुखतही नाही आणि खूण दिसत नाही. झोपेतून उठून कोणी पोटदुखी सांगितली, पापण्या जड झाल्या, शब्द अडखळू लागले तर अपचन समजून सोडा-लिंबू देत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. जाळीची चेन पूर्ण लावलेला तंबू हाच यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. पाच मिनिटांसाठी बाहेर पडतानाही चेन लावायची, हा नियम मुलांना पहिल्याच संध्याकाळी सांगा. जोडे आत घ्या किंवा पालथे ठेवा, आणि सकाळी झटकून घाला. त्यात विंचू असतो.

दंश झाल्यावर अंगठी-कडं-घड्याळ काढा, हात किंवा पाय फळी लावून स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका. आवळून बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, बर्फ लावणं, यातलं काहीही नको. साप मारून बरोबर नेण्याचीही गरज नाही. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून असते. निघण्यापूर्वी एकच चौकशी करून ठेवा, की कॅम्पपासून जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात ही लस आणि रात्री डॉक्टर असतात. तो पत्ता आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक कागदावर लिहून प्रत्येक गाडीत ठेवा. दरीत फोनला रेंज नसते, तेव्हा रेंज कुठल्या वळणावर येते हेही पहिल्याच दिवशी चौकीदाराला विचारा. रात्री रस्ता माहीत असलेला एक ड्रायव्हर मुक्कामी ठेवा.

शेकोटीशिवाय कॅम्प म्हणजे काय मजा? — कॉलेजचा गट, रामबाग

मजा कमी होते, हे मान्य. पण वन्यजीव कायद्याचं कलम ३० जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडायला मनाई करतं. मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. त्या काळात हा विषयच काढू नका. हिवाळ्यात कॅम्पवाल्याने नेमून दिलेल्या कुंडात, त्याने दिलेल्या लाकडावर शेकोटी होऊ शकते. लाकूड रानातून वेचायचं नाही. विझवताना नुसती माती ढकलू नका, मातीखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, चुरचुर थांबेपर्यंत पुन्हा ओता आणि शेवटी हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का पाहा.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. निखाऱ्यांची शेगडी तंबूत न्यायची नाही, ‘पाच मिनिटं’ म्हणूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गुंगी आलेली माणसाला कळत नाही.

स्पीकर घरी ठेवा. ड्रोनही.

आईचं वय बहात्तर. तिला यायचं आहे. थंडी सोसेल का? — एक वाचक, राजेंद्रनगर

आईंना जरूर न्या, फक्त तंबूऐवजी त्याच कॅम्पमधली कुटी आणि जवळचं शौचालय त्यांना द्या. तंबूतच झोपायचं म्हणाल्या तर घडीची खाट न्या. सत्तरीत जमिनीवरून उठणं हीच खरी अडचण असते.

थंडीचं म्हणाल तर पचमढी हजारेक मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा कधी कधी तीन-चार अंशांपर्यंत उतरतो. वरून तीन ब्लँकेटं घेऊनही माणूस कुडकुडतो, कारण ऊब खालून जमीन शोषून घेते. अंगाखालच्या कापसाचा तुमच्या वजनाने चपटा पापड होतो आणि त्यातली हवा निघून जाते. म्हणून आधी तळाची तयारी करा. गोणपाट, त्यावर १० मिमीची फोमची चटई, त्यावर गोधडी. योगाची पातळ चटई पुरत नाही, तीच हवी असेल तर दोन एकावर एक. हवा भरायची गादी दिसते मऊ, पण आतली हवा खेळती राहून रात्रभर थंडच लागते. तिच्यावर फोम टाका. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. ‘कम्फर्ट’चा बघायचा, ‘लिमिट’चा नाही. दुसरा आकडा म्हणजे गोळा होऊन कशीबशी रात्र काढता येईल ते तापमान. झोपताना दिवसभराचे मोजे बदला, ते घामाने ओलसर असतात. गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी. इन्सुलिन घेत असतील तर ती आतल्या खिशात, बर्फाच्या डब्यात नाही.

शौचालयाचं काय? हे कोणी स्पष्ट सांगत नाही. — एक वाचक भगिनी, परदेशीपुरा

बावीस जणांना किमान दोन पक्की शौचालयं हवीत. ज्या कॅम्पवर ती नाहीत ती जागा गटासाठी घेऊच नका, मग सूर्यास्त कितीही सुंदर दिसो. सकाळी सहाची जिप्सी असेल तर सव्वाचारपासून पाळ्या लावाव्या लागतात. आदल्या रात्रीच क्रम ठरवा.

दिवसाच्या पायी भटकंतीत गरज पडली तर गाइडला सांगून, वाटेपासून आणि पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खोल खड्डा करायचा आणि मातीने बुजवायचा. त्यासाठी गटात एक खुरपं असू द्या. कागद परत आणा. ओले वाइप्स कुजत नाहीत, त्यात प्लास्टिकचे धागे असतात. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून चेनच्या जाड पिशवीत परत आणायचे. पुरले तर प्राणी उकरतात, जाळले तर नीट जळत नाहीत. प्रत्येकीला अशी पिशवी आणि वास दबायला त्यात टाकायचा एक चिमटी सोडा आधीच दिला की कोणाला मागावं लागत नाही.

पहिल्यांदाच जातोय. आधी जवळपास सराव करावा का? — एक वाचक, पागनीसपागा

करावाच. रालामंडल जवळ आहे, पण ते सव्वादोन चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, चालण्याच्या सरावापुरतं. मुक्कामाच्या सरावासाठी इंदूरजवळच्या चोरलकडची परवानगी असलेली खासगी जागा किंवा खिवनी अभयारण्यातली वनखात्याची सोय बघा. एकच रात्र, पण पूर्ण शिधा आणि सगळे तंबू घेऊन. कोण रात्री घोरतो आणि कोण भांडी घासायच्या वेळी गायब होतो, हेही तिथेच कळतं.

परत आल्यावर तंबूला कुबट वास येतो आणि आतून कापड चिकट झालंय. — एक वाचक, सुदामानगर

ओला तंबू पिशवीत राहिला. कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्याने हळूहळू विरघळतो आणि आधी चिकट, मग पापुद्रे सुटलेला होतो. थर इतका चिकट झाला असेल तर तो तंबू पावसाला गेला, उन्हात सावलीपुरता वापरा. पुढच्या वेळी घरी पोहोचल्या दिवशीच, सामान आवरायच्या आधी, तंबू सावलीत दोरीवर उलटा टाका. कडक उन्हात नको, त्यानेही कापड कमकुवत होतं. चिखल कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा, कपड्यांची पावडर वापरू नका. वाशिंग मशीनमध्ये तर नाहीच. शिवणी हाताला कोरड्या लागल्या की सैलसर घडी घालून सुती पिशवीत ठेवा. दांडे पुसून, चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढून तिच्यावर मेणबत्ती फिरवा.